प्रश्न वाचकांचे : ई-रीडर घेण्याआधी आपल्या फायली उघडून बघा

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे : कोणतं मॉडेल घ्यावं? त्याचं उत्तर देण्याआधी तुम्ही काय वाचता आणि ते कुठून मिळवता, हे कळायला हवं. कपाटात धूळ खात पडलेले ई-रीडर (ई-पुस्तकं वाचायची यंत्रं) बघितले तर यंत्र खराब निघाल्याचं उदाहरण क्वचित सापडतं. मालकाला वाचायची ती मराठी फाइल त्यावर नीट उघडत नाही, हेच खरं कारण असतं. म्हणून उत्तरांत आम्ही फायलींविषयी जास्त लिहिलं आहे.

प्रश्न : मी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जातो-येतो. फोनवर वाचून डोळे चुरचुरतात. साधा ६ इंची किंडल (ॲमेझॉनचा ई-रीडर) घ्यावा की त्याचंच पेपरव्हाइट हे मॉडेल? डब्यातले एक मित्र त्यांचा थ्रीजीवाला जुना किंडल २,००० रुपयांत देत आहेत. 'कसारा घाटातही पुस्तक उतरवता येतं' असं ते म्हणतात. (वाचक, जेल रोड)

थ्रीजीवाला घेऊ नका. जिओकडे थ्रीजी कधी नव्हतंच आणि एअरटेलने २०२० च्या सुमारास ते गुंडाळलं. त्या यंत्रातली सिमची सोय आता शोभेपुरतीच आहे. २०२४ मध्ये आलेल्या किंडलच्या एकाही मॉडेलमध्ये सिम नाही, सगळी वाय-फायवर चालतात, आणि त्याने काही अडतही नाही. नुसत्या मजकुराची कादंबरी साधारण १ ते ३ एमबीची असते. फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं चालू केला की आठवड्याची पुस्तकं उतरतात. एकदा उतरलेलं पुस्तक वाचायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे घाटातल्या बोगद्यांची काळजी सोडा. गाडीत बसल्यावर एअरप्लेन मोड लावा, बॅटरीही वाचेल.

आता दोन मॉडेलांकडे येऊ. २०२४ चा साधा किंडल ६ इंची आणि १५८ ग्रॅमचा आहे. त्याच वर्षीचा पेपरव्हाइट ७ इंची, २११ ग्रॅमचा. अक्षरांची धार दोन्हींत सारखीच, ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). साठवण दोन्हींत किमान १६ जीबी, म्हणजे हजारो पुस्तकं. पेपरव्हाइटमध्ये जास्तीच्या तीन गोष्टी मिळतात : पिवळसर होणारा प्रकाश, पाण्यापासून संरक्षण आणि मोठी बॅटरी.

बॅटरीचा हिशेब नीट समजून घ्या. कंपनी 'सहा आठवडे' किंवा 'बारा आठवडे' म्हणते ते रोज अर्धा तास वाचन, वाय-फाय बंद आणि प्रकाश १३ वर धरून. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस गुणिले अर्धा तास, एकूण २१ तास. बारा आठवडे म्हणजे ४२ तास. तुम्ही जाता-येता मिळून रोज चार तास वाचलंत तर साधा किंडल पाच दिवसांत आणि पेपरव्हाइट दहा दिवसांत चार्जरला लावावा लागेल. पासधारकाला ही तफावत जाणवते.

जागा धरून बसून जात असाल तर पेपरव्हाइट घ्या. २०२५ मध्ये तो भारतात आला तेव्हा किंमत १६,९९९ रुपये होती, सेलमध्ये कमी होते. उभ्याने, एका हाताने दांडी धरून वाचायचं असेल तर १५८ ग्रॅमचा साधा किंडल बरा. मनगटाला पन्नास ग्रॅमचा फरक इगतपुरी यायच्या आत कळतो. कव्हरचं वजन वेगळं, तेही दुकानात हातात घेऊन बघा. सिग्नेचर एडिशनमध्ये वायरलेस चार्जिंग, ३२ जीबी आणि आपोआप कमी-जास्त होणारा प्रकाश आहे. मजकुराची पुस्तकं वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे घालवू नयेत.

प्रश्न : मी अंबडला कंपनीत नोकरी करत मुक्त विद्यापीठातून पदवी करतो आहे. अभ्यासाचं बरंचसं साहित्य पीडीएफमध्ये आहे. ६ इंची ई-रीडर पुरेल का? दुकानदार म्हणतो, 'झूम होतं की!' (वाचक, सिडको)

झूम होतं, पण झूम करून अभ्यास होत नाही. पीडीएफचं पान म्हणजे छापील पानाचा फोटो समजा. अक्षर मोठं केलं तरी ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत. पानच मोठं होऊन स्क्रीनबाहेर जातं. मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. ई-इंक स्क्रीनला (ई-रीडरची कागदासारखी दिसणारी स्क्रीन) दर सरकवण्यागणिक नवं चित्र काढावं लागतं, त्यामुळे ती अडखळत चालते आणि मागच्या चित्राची पुसट छाया राहते.

विकत घेण्याआधी पट्टी घ्या आणि मोजा. ६ इंची स्क्रीन सुमारे ९१ बाय १२२ मिलिमीटर असते. ए-फोर पान २१० बाय २९७. पूर्ण पान स्क्रीनवर बसवलं तर ते ४१ टक्के होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटचं दिसतं. औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाचण्यासारखंच ते. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान १४० बाय २१६ असतं. ते ५६ टक्के होतं आणि अक्षर पावणेसात पॉइंटचं. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने ९ पॉइंटच्या खालचं अक्षर दीर्घकाळ वाचवत नाही, असं आमचं मत आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. पहिला म्हणजे समास कापणं. संगणकावर 'ब्रिस' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो सम आणि विषम पानांचे दोन गठ्ठे करून एकावर एक दाखवतो. मजकुराभोवती चौकट ओढली की सगळ्या पानांचे समास एकदम कापले जातात. डेमी पानाचा मजकूर साधारण ११० बाय १७५ मिलिमीटर उरतो. मग ई-रीडर आडवा करा. १२२ मिलिमीटर रुंदीत ११० मिलिमीटरची ओळ आरामात बसते, अक्षर छापील पुस्तकापेक्षा किंचित मोठंच दिसतं, आणि एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचून होतं. डेमी पुस्तकांसाठी हे उत्तम चालतं. ए-फोरला हाच उपाय केला तर अक्षर ९ पॉइंटच्या आसपास येतं. कामचलाऊ म्हणता येईल.

दुसरा उपाय 'के-टू-पीडीएफ-ऑप्ट'. हा प्रोग्रॅम पानावरचे शब्द चित्रासारखे कापून छोट्या पानावर नव्याने मांडतो. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्द एकसंध असतो, त्यामुळे दोन शब्दांमधली फट त्याला चांगली ओळखता येते. अडचण येते ती ओळी दाटीवाटीने छापलेल्या असतील तर; तेव्हा वेलांट्या आणि मात्रा कधीकधी कापल्या जातात. तक्ते आणि आकृत्यांची तर दाणादाण उडते. म्हणून आधी दहाच पानांवर चालवून बघा आणि मगच पूर्ण फाइल टाका.

तुमच्या साहित्यात तक्ते आणि आलेख बरेच असतील आणि पानं ए-फोर असतील तर मात्र १०.३ इंची स्क्रीनला पर्याय नाही. तिचं माप सुमारे १५७ बाय २०९ मिलिमीटर. समास कापलेलं ए-फोर पान त्यावर १० पॉइंटच्या अक्षरात उभंच वाचता येतं, डेमी तर न कापताही बसतं. किंडल स्क्राइब (पहिलं मॉडेल १०.२ इंची) आणि ओनिक्स बूक्सची १०.३ इंची मॉडेलं यासाठी बघा. दोन्हींत पेनने समासात लिहिता येतं. स्क्राइबवर लिहायचं असेल तर पीडीएफ केबलने न टाकता 'सेंड टू किंडल'ने (ॲमेझॉनची फायली पाठवायची सोय) पाठवा.

आणखी एक. १०० एमबीची स्कॅन केलेली फाइल कोणत्याही ई-रीडरवर रेंगाळते. तिचे घटकांनुसार तुकडे करून ठेवा; हवा तो घटक सापडतोही पटकन.

प्रश्न : जुन्या मराठी पुस्तकाची पीडीएफ कॅलिबरने (फायलींचं स्वरूप बदलणारा प्रोग्रॅम) ईपबमध्ये (ई-पुस्तकाचं स्वरूप, ज्यात ओळी स्क्रीनप्रमाणे नव्याने मांडल्या जातात) बदलली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आला. ई-रीडर बिघडला आहे का? (वाचक, पंचवटी)

ई-रीडर ठीक आहे, फाइल जुन्या पद्धतीची आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपी, डीव्ही-टीटी अशा फाँटांत टाइप व्हायचा आणि छपाईच्या कामात ते अजूनही वापरात आहेत. त्यांत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हंच. फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. पीडीएफमध्ये तो फाँट आत बसवलेला असतो म्हणून मराठी दिसतं. ईपब करताना फाँट गळतो आणि खालची अक्षरं उघडी पडतात.

ओळखायची रीत सोपी आहे. संगणकावर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर फाइल युनिकोड आहे, ईपब होईल. अगम्य चिन्हं आली तर जुना फाँट. ओळ निवडताच आली नाही तर पानं स्कॅन केलेली आहेत.

शेवटच्या दोन्ही प्रकारांत ईपब हवंच असेल तर ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखून घेणं) करावं लागतं. गुगल ड्राइव्हवर पानाची फाइल चढवून ती गुगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर वेगळा होऊन येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवा, म्हणजे आधी पुस्तकाचे तुकडे करणं आलं. शंभर-दोनशे पानांचं काम असेल तर 'टेसरॅक्ट' हा मोफत प्रोग्रॅम मराठी भाषेची फाइल जोडून वापरा. तपासणी मात्र डोळ्यांनीच करायची : 'ऱ्य'च्या जागी 'र्य', गळलेले अनुस्वार आणि 'घ' व 'ध'ची अदलाबदल, हे तीन घोटाळे हमखास होतात. एका कादंबरीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा समास कापून आडवं वाचणं सोपं, असा आमचा सल्ला आहे.

प्रश्न : मराठी पुस्तकं बुकगंगावरून घेतो. ती किंडलवर वाचता येतील का? की कोबो किंवा बूक्स घ्यावा? (वाचक, कॉलेज रोड)

बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर आणि कोबोवर नाही. ती ई-इंकवर वाचायची असतील तर अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर हवा, म्हणजे व्यवहारात बूक्स. त्यावर प्ले स्टोअर असतं, त्यामुळे बुकगंगा, किंडल, स्टोरीटेल सगळी ॲप एकाच यंत्रावर राहतात. ज्यांची मराठी पुस्तकं दोन-तीन दुकानांत विखुरलेली आहेत त्यांना आम्ही निःशंकपणे बूक्स सुचवतो.

त्याची किंमत मोजावी लागते ती अशी. अँड्रॉइड मागे सतत चालू असल्याने बॅटरी आठवड्यांऐवजी दिवसांत मोजायची. ही ॲप फोनसाठी बनलेली असतात. पान सरकण्याचं ॲनिमेशन ई-इंकवर डाग ठेवून जातं. म्हणून ॲपच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद करा. मग बूक्सच्या रिफ्रेश (स्क्रीन पुसून नव्याने काढण्याच्या) सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी चांगल्या प्रतीचा मोड निवडा आणि दर पाच-दहा पानांनी पूर्ण रिफ्रेश ठेवा. या तीन गोष्टी न केल्यामुळे 'स्क्रीन खराब आहे' म्हणून यंत्र परत करणारे लोक आहेत. त्या यंत्रावर अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे आणि तुमची ॲप तिच्यावर चालतात का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

किंडल घ्यावा तो ज्याची पुस्तकं किंडल स्टोअरवर आहेत त्याने. मराठी पुस्तकं तिथे २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत. वाचायची आहेत अशी दहा पुस्तकं कागदावर लिहा आणि किंडल स्टोअर व बुकगंगा या दोन्ही दुकानांत शोधा. जिथे जास्त सापडतील तो तुमचा ई-रीडर. जी कुठेच सापडणार नाहीत, आणि जुन्या मराठी पुस्तकांत अशी पुष्कळ निघतात, त्यांच्यासाठी १८४० पासून उभं असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय नाशिक (सावाना) आहेच. सावानाची वर्गणी सोडून ई-रीडर घेऊ नका.

एक गोष्ट किंडलवाल्यांनी लक्षात ठेवावी. विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकण्याची सोय ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद केली. आता विकतचं पुस्तक वाय-फायनेच येतं. स्वतःकडच्या फायली मात्र केबलनेही टाकता येतात.

कोबो कोणासाठी? ज्यांच्याकडे स्वतःच्या ईपब फायलींचा मोठा संग्रह आहे त्यांच्यासाठी. केबल लावा, फाइल टाका, झालं. लिब्रा कलरला पान उलटायची बटणं आहेत आणि गुगल ड्राइव्ह व ड्रॉपबॉक्सही जोडता येतात. मराठीसाठी एक तिढा आहे : साध्या ईपबमध्ये कोबोवर जोडाक्षरं तुटलेली दिसू शकतात. तीच फाइल 'केपब' (कोबोचं स्वतःचं ईपब) स्वरूपात केली की बहुधा नीट दिसते. कॅलिबरच्या ८.० आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. परदेशातून कोणी आणून देणार असेल तर वॉरंटी भारतात चालेल का, ते आधी विचारून घ्या.

प्रश्न : दुकानात पाच मिनिटांत मराठी नीट दिसतं की नाही हे कसं तपासायचं? (वाचक, इंदिरानगर)

फोनवर एक ओळ लिहून ठेवा : 'दुसऱ्या वाऱ्याने उत्कृष्ट ज्ञानाची ॲलर्जी, लक्ष्मी, शाळा, विद्वान, किर्र.' ओळीला अर्थ नाही, पण मराठी लिपीतली अवघड वळणं तीत आली आहेत. तिची ईपब फाइल करून पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये न्या.

सगळ्यात आधी 'ऱ्या' बघा. 'य'च्या डाव्या अंगाला पापणीसारखी छोटी रेघ जोडलेली हवी. तिथे 'र'खाली नुक्ता (टिंब) आणि पाय मोडलेला दिसला किंवा 'य'च्या डोक्यावर रफार आला, तर मराठीचा विचार न करता फाँट टाकलेला आहे. मग 'किर्र'ची वेलांटी 'क'च्या डावीकडे आहे ना ते बघा. जुन्या यंत्रांवर ती उजवीकडे जाऊन बसते. 'ॲ'च्या जागी रिकामी चौकट आली तर फाँट जुना आहे. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर ती चूक म्हणता येत नाही, पण मराठी डोळ्याला खटकतं.

यावर इलाज आहे. गुगल फाँट्सवर 'टिरो देवनागरी मराठी' मोफत मिळतो, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत. जरा ठसठशीत अक्षर हवं तर 'मुक्ता'. टीटीएफ फाइल उतरवा, ई-रीडर केबलने संगणकाला जोडा आणि 'fonts' असं रोमन अक्षरांत नाव असलेल्या फोल्डरमध्ये टाका. किंडलवर हे फोल्डर बहुधा असतंच, कोबोवर नसेल तर बनवा. केबल काढल्यावर पुस्तक उघडून 'एए' या खुणेखाली फाँट निवडा. पीडीएफवर याचा परिणाम होत नाही.

संगणकाला ई-रीडर दिसतच नसेल तर आधी केबल बदला. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. मॅकवर २०२४ चे किंडल पेनड्राइव्हसारखे दिसत नाहीत, त्यासाठी ॲमेझॉनचं 'सेंड टू किंडल' ॲप लागतं.

प्रश्न : 'सेंड टू किंडल'ने पाठवलेली मराठी ईपब कधी पोहोचते, कधी 'ई-९९९' अशी चूक दाखवून परत येते. (वाचिका, महात्मानगर)

ईमेलने पाठवत असाल तर तीन गोष्टी तपासा. ज्या ईमेलवरून पाठवता तो ॲमेझॉन खात्यातल्या मंजूर पत्त्यांच्या यादीत हवा. फाइल ५० एमबीच्या आत हवी. वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत चालते. पाठवल्यावर ॲमेझॉनकडून खात्री करणारा ईमेल आला तर त्यातली लिंक ४८ तासांत दाबायला हवी.

'ई-९९९' मात्र बहुतेक वेळा फाइलच्या आतल्या दोषाने येते. अनुक्रमणिकेतली तुटलेली लिंक किंवा भाषेची चुकीची नोंद ही नेहमीची कारणं. कॅलिबरमध्ये फाइल घ्या, 'एडिट मेटाडेटा'मध्ये भाषा 'मराठी' करा. मग 'कन्व्हर्ट'मध्ये ईपबपासून पुन्हा ईपबच करा. विचित्र वाटेल, पण या फेरीत आतली मांडणी नव्याने लिहिली जाते आणि बहुतेक फायली सुधारतात. नवी फाइल पाठवा. तरीही अडली तर एझेडडब्ल्यू-३ (किंडलचं फाइल-स्वरूप) करून केबलने 'documents' फोल्डरमध्ये टाका. किंडल केबलने टाकलेली ईपब ओळखत नाही, म्हणून हे रूपांतर लागतं. अशा पुस्तकात कुठवर वाचलं ती खूण दुसऱ्या उपकरणावर जुळत नाही, एवढंच.

एकदम पन्नास-शंभर पुस्तकं टाकलीत तर एक-दोन दिवस बॅटरी लवकर उतरेल, कारण किंडल सगळ्या पुस्तकांची शोधसूची बनवत असतो. चार दिवसांनीही उतार थांबला नाही तर एखादी सदोष फाइल अडकली आहे. शोधचौकटीत काहीही निरर्थक अक्षरं टाका. अजून सूचीत न आलेली पुस्तकं वेगळी दाखवली जातात. त्यातलं अडकलेलं पुस्तक काढून टाका.

प्रश्न : घरी फायबरचं नवं कनेक्शन घेतल्यापासून २०१८ च्या पेपरव्हाइटला आमचं नेटवर्कच दिसत नाही. फोन, टीव्ही सगळं जोडलं जातं. (वाचक, गंगापूर रोड)

तुमच्या पेपरव्हाइटला वाय-फायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कळतो, ५ गिगाहर्ट्झचा नाही. नव्या राउटरवर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली असतात किंवा २.४ बंदच ठेवलेला असतो. राउटरच्या तळाच्या स्टिकरवर छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथलाच पासवर्ड टाका. २.४ चालू करून त्याला वेगळं नाव द्या. चॅनेल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ करा. १२-१३ वर राउटर गेला तर काही ई-रीडरना तो दिसत नाही. सुरक्षा नुसती 'डब्ल्यूपीए-३' असेल तर 'डब्ल्यूपीए-२' किंवा दोन्हींची जोडी निवडा. मग किंडलचं पॉवर बटण ४० सेकंद दाबून तो रीस्टार्ट करा.

राउटरला हात लावायचा नसेल तर फोनचा हॉटस्पॉट. आयफोनवर 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करा, अँड्रॉइडवर हॉटस्पॉटचा बँड २.४ ठेवा. कॉलेज किंवा ऑफिसच्या वाय-फायवर नाव आणि पासवर्ड दोन्ही मागणारं नेटवर्क असेल तर किंडल त्यावर जोडला जात नाही, तिथेही हॉटस्पॉटच. ब्लूटूथचा इथे उपयोग नाही. किंडलमध्ये ते ऐकण्यापुरतं आहे, फायली पाठवण्यासाठी नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, ओझरला असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. तिच्यासाठी मोठ्या स्क्रीनचा घेऊ का? (वाचिका, सिडको)

१० इंची स्क्राइब ४०० ग्रॅमच्या वर जातो, पडून वाचताना तो पेलत नाही. ७ इंची पेपरव्हाइट घ्या, अक्षर मोठं आणि ठळक ठेवा, ओळींमधलं अंतर वाढवा. दर पानावर मजकूर कमी येईल, पान लवकर उलटावं लागेल, त्याची सवय होते. ई-इंकची पार्श्वभूमी कागदापेक्षा करडी असते. म्हणून दुपारीही प्रकाश १० ते १२ वर चालू ठेवा. 'फिकट दिसतं' ही तक्रार बहुतेक प्रकाश बंद ठेवल्यामुळेच असते. किंडल तुमच्या खात्यावर नोंदवा आणि आईंकडच्या वाय-फायला एकदा जोडून द्या. पुढे तुम्ही सिडकोतून पाठवलेली फाइल तिकडे आपोआप उतरेल.

प्रश्न : पावसाळ्यात त्र्यंबकला नेता येईल का? (वाचक, सातपूर)

पेपरव्हाइट आयपीएक्स-८ आहे, म्हणजे २ मीटर गोड्या पाण्यात ६० मिनिटं. साध्या किंडलला हे संरक्षण नाही, तो झिपच्या पिशवीत ठेवा. पिशवीवरूनही बोट चालतं. पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की पानं आपोआप उलटतात, त्याला बिघाड समजू नका. भिजल्यावर चार्जिंगचं तोंड पूर्ण वाळेपर्यंत केबल लावू नका.

प्रश्न : एम. जी. रोडला वापरलेला किंडल स्वस्तात मिळतो आहे. काय बघून घ्यावा? (वाचक, भद्रकाली)

पैसे देण्याआधी दुकानातच तुमच्या हॉटस्पॉटवर जोडून तो तुमच्या ॲमेझॉन खात्यावर नोंदवून बघा. चोरीला गेल्याची तक्रार असलेला किंडल नोंदवला जात नाही, आणि आधीच्या मालकाने खातं काढलं नसेल तर तेही तिथेच उघड होतं. मग प्रकाश पूर्ण करा आणि स्क्रीन सावलीत धरा. खालच्या कडेला काळा पट्टा दिसला तर एखादा एलईडी गेला आहे. पंधरा-वीस पानं भराभर उलटून उभ्या-आडव्या रेषा येतात का ते बघा. चार्जिंग केबल लावून हळूच हलवा. चार्जिंगची खूण ये-जा करत असेल तर तोंड सैल झालं आहे. जुन्या मायक्रो-यूएसबी मॉडेलांत हे फार होतं. मॉडेल कोणतं, कोणत्या सालचं, हे सेटिंगमध्ये 'डिव्हाइस इन्फो'खाली बघा, खोक्यावर बघू नका.